आधी झोपेचा हिशेब, मग मॉड्युल

चार पेन्सिल सेल, तापमान मोजणारा एक सेन्सर आणि सहज मिळणारा एक वाय-फाय बोर्ड. चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीने दिलेल्या तांत्रिक तपशिलांत, झोपेतला करंट १० मायक्रोॲम्पिअर लिहिला होता. त्यावरून हिशेब मांडून मी छातीठोकपणे सांगितलं, हे खोकं चारपाच महिने चालणार. पंधराव्या दिवशी ते बंद पडलं. चिपचा काही दोष नव्हता, ती ठरल्याप्रमाणे झोपत होती. तिच्याभोवतीचा बोर्ड मात्र टक्क जागा होता.

बॅटरीवर किंवा छोट्या सौर पॅनेलवर चालणाऱ्या उपकरणासाठी मॉड्युल (प्रोसेसर आणि त्याची सोबतची मंडळी बसवलेला तयार छोटा बोर्ड) निवडताना बहुतेक जण याच खड्ड्यात पडतात. कारण ‘लो-पॉवर’ हा शब्दच फसवा आहे. कशाच्या मानाने कमी, ते कुणी सांगत नाही. एनव्हिडियाचं जेटसन ओरिन नॅनो ७ वॉटच्या मर्यादेत चालवता येतं. कॅमेऱ्यातल्या चित्रांवर न्यूरल नेटवर्क चालवणाऱ्या मॉड्युलसाठी हे खरोखर कमी आहे. रास्पबेरी पायचं कॉम्प्युट मॉड्युल ४ काही काम करत नसताना ५ व्होल्टवर साधारण ४०० मिलिॲम्पिअर घेतं, म्हणजे २ वॉट. नॉर्डिकच्या एनआरएफ५२ मालिकेतली चिप मात्र नुसतं घड्याळ चालू ठेवून झोपली की दीडदोन मायक्रोॲम्पिअरमध्ये भागवते. ३ व्होल्टने गुणलं तर पाचसहा मायक्रोवॉट. नुसत्या बसलेल्या कॉम्प्युट मॉड्युलपेक्षा सुमारे तीन लाख पट कमी. जाहिरातीत तिघांनाही विशेषण एकच.

म्हणून मॉड्युलांचे तक्ते उघडण्याआधी कागदावर उपकरणाचा दिनक्रम लिहून काढावा. ते किती वेळा उठणार, उठल्यावर किती सेकंद जागं राहणार, त्या वेळात काय करणार आणि उरलेला वेळ कशा अवस्थेत पडून राहणार. इतकं लिहिलं की अर्धी निवड आपोआप होते.

माझ्या त्या खोक्याचाच हिशेब घ्या. दर १५ मिनिटांनी उठायचं, म्हणजे दिवसाला ९६ वेळा. दर वेळी ५ सेकंद जागं राहून सरासरी १०० मिलिॲम्पिअर घ्यायचे. ९६ गुणिले ५ म्हणजे ४८० सेकंद, म्हणजे दिवसभरात जेमतेम ८ मिनिटांची जाग. त्याचे झाले १३.३ मिलिॲम्पिअर-तास. उरलेले जवळपास चोवीस तास १० मायक्रोॲम्पिअरची झोप, त्याचे ०.२४. बेरीज साडेतेराच्या आसपास. चार सेल ओळीने जोडले की व्होल्टेज ६ होतं, क्षमता मात्र एकाच सेलची राहते; ती २००० मिलिॲम्पिअर-तास धरली तर १४७ दिवस निघतात. माझे चारपाच महिने आले ते इथून.

पण बोर्डावर एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर होता, म्हणजे सेलचं व्होल्टेज चिपला हवं तेवढं उतरवून देणारा भाग. हा स्वस्त आणि दणकट म्हणून असंख्य बोर्डांवर बसवलेला असतो, आणि पुढे कुणी काही मागो न मागो, स्वतःच्या पोटासाठी साधारण ५ मिलिॲम्पिअर घेतो. दिवसाचे १२० मिलिॲम्पिअर-तास. सगळ्या कामाला लागतात तेरा आणि पहारेकऱ्यालाच एकशेवीस! २००० भागिले १३३ म्हणजे बरोबर पंधरा दिवस. शिवाय लाल दिवा आणि यूएसबीची चिप वेगळी. आपला प्रोसेसर बदलून यात काडीचाही फरक पडला नसता.

आता रेग्युलेटर चांगला बसवून झोप दुरुस्त केली असं समजू. मग जागेपणाचा भाग मोठा दिसायला लागतो, तेरा विरुद्ध पाव. त्या ५ सेकंदांतला बराच वेळ वाय-फायच्या राउटरशी ओळखपाळख करण्यात जातो. चॅनल आणि राउटरचा पत्ता लक्षात ठेवला, आयपी पत्ता दर वेळी मागण्याऐवजी ठरवून दिला, तर हे काम खूप आटोपतं. जाग १ सेकंदावर आणता आली तर दिवसाचा खर्च २.९ वर येतो आणि तेच सेल कागदावर पावणेदोन वर्षांहून जास्त पुरतात. प्रत्यक्षात थोडे कमीच पुरतील, कारण सेल उतरतो तसं त्याचं व्होल्टेज घसरतं आणि शेवटचा थेंब कधीच हाती लागत नाही. पण कुठे घाव घालायचा ते या चार ओळींच्या गणिताने कळतं. ते केल्याशिवाय दोन डेटाशीट शेजारी ठेवून ‘ही ८ मायक्रोॲम्पिअर, ती १०’ अशी चर्चा करणं म्हणजे शुद्ध करमणूक.

याच हिशेबात आरपी२०४० बसवून बघा. रास्पबेरी पायची ही चिप २०२१ मध्ये आली, दोन कोअर, २६४ केबी रॅम, वापरायला फार सुखाची. पण तिला गाढ झोप लागत नाही. सगळ्यात खोल अवस्थेतही ती सुमारे ०.१८ मिलिॲम्पिअर घेते. दिवसाचे ४.३ मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे आपल्या सुधारलेल्या खोक्याच्या एकूण खर्चाहून जास्त. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणात मी ती डोळे मिटून वापरेन. सेलवर वर्षभर चालवायचं असेल तर नाही.

मोठा फाटा येतो तो लिनक्सपाशी, म्हणजे पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमपाशी. लिनक्स हवं का नको? मायक्रोकंट्रोलर (प्रोसेसर आणि मेमरी एकाच चिपमध्ये असलेला छोटा संगणक) काही मिलिसेकंदांत उठतो, शेकडो केबी रॅममध्ये संसार करतो आणि पुन्हा झोपतो. लिनक्सला रॅम मेगाबाइटमध्ये लागते आणि उठायला काही सेकंद ते अर्धा मिनिट. कॅमेरा, स्क्रीन, डेटाबेस, एकाच वेळी चालणाऱ्या चारपाच नेटवर्क सेवा असं काही असेल तर लिनक्सशिवाय स्वतःचे हाल करून घेऊ नयेत. पण तासाला एकदा आर्द्रता मोजून पाठवायला चार कोअरचं मॉड्युल घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्याच चार सेलांत साधारण १२ वॉट-तास ऊर्जा असते. २ वॉट घेणारं मॉड्युल ती सहा तासांत फस्त करेल, आणि अल्कलाइन सेलमधून इतकी जोरात ऊर्जा ओढली तर त्याआधीच.

(जाता जाता: दोन बॅटऱ्यांची किंवा दोन मॉड्युलांची तुलना करायची तर मिलिॲम्पिअर-तासांत करू नका, वॉट-तासांत करा. ३.७ व्होल्टचे २००० आणि ६ व्होल्टचे २००० हे सारखे नव्हेत.)

लिनक्स लागतंच असेल तर पुढचा प्रश्न असा की काम नसताना त्याचं काय करायचं. एक मार्ग डुलकीचा: प्रोसेसर बंद, रॅम मात्र स्वतःला ताजी ठेवण्यापुरती चालू. उठायला एखादा सेकंद पुरतो. दुसरा मार्ग वीजच तोडायची आणि गरज पडली की शून्यापासून बूट करायचं. कोणता स्वस्त? धरा की बूट व्हायला २० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ २ वॉट जातात, म्हणजे ४० जूल. डुलकीत मॉड्युल ५० मिलिवॉट घेतं असं धरा. ४० भागिले ०.०५ म्हणजे ८०० सेकंद, सव्वातेरा मिनिटं. याहून जास्त अंतराने उठायचं असेल तर पूर्ण बंद करणं परवडतं, वारंवार उठायचं असेल तर डुलकी. तुमच्या मॉड्युलचे आकडे वेगळे असतील, भागाकार हाच.

मात्र डुलकीची सोय आहे की नाही हे आधी तपासून घ्या. कॉम्प्युट मॉड्युल ४ वर ती नाही. ते एकतर चालू किंवा बंद. आणि चिपमध्ये सोय असली तरी त्या मॉड्युलच्या लिनक्समध्ये ती चालते का, हा वेगळा प्रश्न. डुलकीत गेलं आणि उठलंच नाही, किंवा उठलं पण वाय-फाय झोपेतच राहिलं, हे प्रकार इतके होतात की डेमो बघितल्याशिवाय मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

मधला एक मार्ग मला सगळ्यात आवडतो. काही चिपांमध्ये मोठ्या कोअरच्या शेजारी एक छोटा कोअर असतो: एसटीच्या एसटीएम३२एमपी१ मध्ये कॉर्टेक्स-ए७ सोबत कॉर्टेक्स-एम४, एनएक्सपीच्या आय.एमएक्स ८एम प्लसमध्ये कॉर्टेक्स-ए५३ सोबत कॉर्टेक्स-एम७. धाकटा सेन्सरवर नजर ठेवतो, काही घडलं तरच थोरल्याला उठवतो. कल्पना सुंदर, पण दोघांमधली वीज, घड्याळं आणि मेमरी यांची वाटणी नीट लावायला कष्ट पडतात. त्याहून साधा उपाय म्हणजे स्वतंत्र छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवायचा आणि लिनक्सच्या मॉड्युलचा वीजपुरवठाच त्याच्या हातात द्यायचा. रात्रपाळीचा माणूस मायक्रोॲम्पिअरवर जागतो, साहेबांना गरजेपुरतंच बोलावतो. एक चिप वाढते, पण शोधायला लागणाऱ्या चुका निम्म्या होतात.

प्रोसेसर हळू चालवला तर वीज वाचते, हा आणखी एक लाडका गैरसमज. चिप चालताना लागणारी वीज ढोबळमानाने फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात असते. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की वीज निम्मी होते खरी, पण कामाला वेळ दुप्पट लागतो, म्हणजे ऊर्जा तेवढीच. वर त्या दुप्पट वेळात रॅम, रेडिओ आणि रेग्युलेटर हे सगळे ताटकळत जागे. फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही उतरवता आलं तरच फायदा दिसतो, तेही बाकीच्या मंडळींचा खर्च थोडा असेल तर. म्हणून बहुतेक छोट्या उपकरणांत काम झपाट्याने उरकायचं आणि झोपी जायचं, हेच धोरण सरस ठरतं. इथे वेगवान, वरकरणी खादाड दिसणारा प्रोसेसर कधीकधी एकूण हिशेबात काटकसरी निघतो.

प्रोसेसरवर एवढी चर्चा होते, पण बऱ्याच उपकरणांत खरा खाणारा रेडिओ असतो. ईएसपी३२ ही वाय-फायची चिप पाठवताना २४० मिलिॲम्पिअरपर्यंत उसळी मारते. एनआरएफ५२ चा ब्लूटूथ रेडिओ नेहमीच्या शक्तीवर पाच मिलिॲम्पिअरच्या आसपास राहतो. जुन्या जीएसएम मॉडेमच्या उसळ्या २ ॲम्पिअरपर्यंत जातात, आणि त्या क्षणी पुरवठा कमी पडला की मॉडेम रीसेट. इथे सरासरीचा उपयोग नाही, शिखर बघावं लागतं. सीआर२०३२ या नाणेसेलची क्षमता २२० मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास, म्हणजे कागदावर वाय-फायचं काम काही दिवस सहज निघायला हवं. पण तो मोजके मिलिॲम्पिअरच धडपणे देऊ शकतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ब्लूटूथ त्यावर वर्ष काढतं, वाय-फाय पहिल्याच हाकेला कोसळतं. मोठा कपॅसिटर लावून उसळी भागवण्याचा इलाज असतो, पण त्याच्या स्वतःच्या गळतीचाही हिशेब धरा.

गळतीचा विषय निघालाच आहे तर बोर्डावरच्या बारीक छिद्रांबद्दल. १० किलोओहमचा पुल-अप (पिन वरच्या व्होल्टेजला बांधून ठेवणारा रेझिस्टर) ३.३ व्होल्टवर असताना पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढलेली राहिली, तर ०.३३ मिलिॲम्पिअर सतत वाहतो. आपल्या झोपेतल्या चिपच्या तेहतीस पट, एका रेझिस्टरमधून! बॅटरीचं व्होल्टेज मोजायला लावलेले १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ६ व्होल्टवर ३० मायक्रोॲम्पिअर खातात, मोजणी चालू असो वा नसो. लिनक्सच्या मॉड्युलखालच्या कॅरिअर बोर्डवर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात घडते: केबल न लावलेला इथरनेट, रिकामा यूएसबी हब, कुणी न बघितलेला एचडीएमआय. डेव्हलपमेंट किट हे सगळं दाखवण्यासाठी केलेलं असतं, वाचवण्यासाठी नव्हे. म्हणून किटवर मोजलेला आकडा मॉड्युलचा समजू नये.

आणि एक छिद्र असं, जे उलट्या दिशेने वाहतं. आज जगभरच्या मोबाइलमध्ये ज्या घराण्याचे प्रोसेसर आहेत, त्या आर्मची पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत पोहोचली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती रचली होती. स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून तिची वीज १ वॉटच्या आत ठेवायची होती. बोर्डात बसवल्यावर ती चालू लागली, प्रोग्रामही चालले. पुढे करंट मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. चिप चालतेय आणि वीज घेत नाही! शोध घेतला तेव्हा कळलं की चाचणीच्या बोर्डावर चिपचा वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इनपुटच्या पिनांवर येणाऱ्या सिग्नलांमधून, त्यांच्या संरक्षक डायोडमार्गे जी गळती आत शिरत होती, तेवढ्यावर ती चालली होती.

ही गोष्ट सांगताना सगळे हसतात. मग स्वतःच्या बोर्डावर सेन्सरची वीज तोडतात, पण त्याच्याकडे जाणाऱ्या पिना मात्र वर, म्हणजे व्होल्टेजवर, ठेवून देतात, आणि ‘बंद’ सेन्सर त्या पिनांतून चोरून जेवत राहतो. धड बंद नाही, धड चालू नाही, आणि झोपेतला करंट काही केल्या खाली येत नाही. कोणत्याही भागाची वीज तोडताना त्याच्या सगळ्या सिग्नल पिना आधी खाली आणाव्या लागतात किंवा मोकळ्या सोडाव्या लागतात. मॉड्युल निवडताना हे त्याच्या डेटाशीटमध्ये शोधा: झोपेत पिना कोणत्या अवस्थेत राहतात आणि ती अवस्था आपल्याला ठरवता येते का.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही. मायक्रोॲम्पिअरच्या रेंजवर त्याच्या आतला रोध मोठा असतो. चिप झोपलेली असते तोवर ठीक, ती उठून शंभर मिलिॲम्पिअर मागते तेव्हा व्होल्टेज मीटरमध्येच पडतं आणि चिप रीसेट होते. मग ती पुन्हा उठते, पुन्हा पडते, आणि आपण चिपला दोष देतो. शिवाय काही मिलिसेकंदांची उसळी मीटरच्या सरासरीत कुठेच दिसत नाही. नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट २ शेकडो नॅनोॲम्पिअरपासून १ ॲम्पिअरपर्यंतचा आलेख काढतो. अशी काही सोय मॉड्युलइतकीच आवश्यक खरेदी समजा. पूर्ण चक्र मोजा, झोपेपासून पुढच्या झोपेपर्यंत. आणि जमल्यास बोर्ड तापवूनही मोजा, कारण उष्णतेबरोबर सिलिकॉनची गळती वाढते आणि डेटाशीटमधला सुंदर आकडा बहुधा २५ अंशांवरचा असतो.

आकार आणि कनेक्टर यांवर फार वेळ घालवायची गरज नाही, पण ओळख असावी. स्मार्क म्हणजे ८२ बाय ५० मिलिमीटरचं, ३१४ संपर्कांचं कार्ड. क्यूसेव्हन ७० बाय ७० चं, २३० संपर्कांचं. ही दोन्ही मानकं एसजीईटी (SGeT) ही संस्था सांभाळते. तिचंच ओएसएम हे मानक थेट बोर्डावर सोल्डर करायच्या छोट्या मॉड्युलांसाठी आहे. कनेक्टर नसल्यामुळे ते धक्के आणि कंपनं छान सोसतं. मानक पाळलं की एका कंपनीचं मॉड्युल काढून दुसरीचं बसवता येतं असं सांगतात. बसतं, हे खरं. झोपेतला करंट, उठण्याच्या पिना आणि लिनक्सचे ड्रायव्हर मात्र बरोबर येत नाहीत, त्यामुळे विजेचा सगळा अभ्यास नव्याने करावा लागतो.

बॅटरी नसली तरी कमी वीज हवी असते याचं मोठं कारण उष्णता. सीलबंद, पंखा नसलेल्या खोक्यात आत गेलेला प्रत्येक वॉट भिंतीतूनच बाहेर पडायचा असतो. औद्योगिक दर्जाचे भाग उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालतात, साधे ० ते ७०. पण हे अंश कुठले, ते वाचा. काही कंपन्या आजूबाजूच्या हवेचे सांगतात, काही मॉड्युलच्या पृष्ठभागाचे, आणि उन्हातल्या डब्यात या दोहोंमध्ये वीसतीस अंशांची तफावत सहज पडते. जास्त तापलं की प्रोसेसर स्वतःच मंदावतो. काम लांबतं, जाग वाढते आणि वर केलेला सगळा हिशेब विस्कटतो.

मिळत राहण्याचा मुद्दा अनेकांना शेवटी आठवतो. इंटेलचं एडिसन मॉड्युल २०१४ मध्ये वाजतगाजत आलं आणि २०१७ मध्ये इंटेलने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी त्याभोवती उत्पादन उभं केलं होतं त्यांना बोर्ड नव्याने रचावा लागला. एनएक्सपीसारख्या कंपन्या ठरावीक चिपांसाठी दहा-पंधरा वर्षं पुरवठ्याची हमी छापतात. मॉड्युल बनवणाऱ्यानेही तशी हमी दिली आहे का ते पाहा, कारण चिप मिळत असली तरी मॉड्युल बंद होऊ शकतं.

विक्रेत्याला विचारायचं झालं तर मी आता कोअर किती, गिगाहर्ट्झ किती हे विचारतच नाही. रॅम टिकवून झोपल्यावर करंट किती, तो कोणत्या बोर्डावर आणि किती तापमानाला मोजला, आणि उठल्यापासून पहिलं उपयोगी काम करायला किती वेळ लागतो, एवढंच विचारतो. ज्याने खरंच मोजलेलं असतं तो लगेच आलेख पाठवतो. बाकीच्यांकडून पुन्हा तेच माहितीपत्रक येतं, पहिल्या पानावर हिरवं पान छापलेलं.